घरच्या घरी स्वीडिश मीटबॉल्स आणि क्रीमी ग्रेव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनला नवीन आलेली मराठी मंडळी आणि इथून परत जाऊन पुण्या-मुंबईत बसून त्याच चवीची आठवण काढणारी मंडळी, दोघांचे प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून सगळे एका जागी टाकतेय. ज्यावर जास्त वाद होतात त्यावर जास्त लिहिलंय, बाकीचं पटकन उरकलंय. मापं स्वीडिश पद्धतीने डेसिलिटरमध्ये आहेत, १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली. चमचा म्हणजे मापाचा चमचा, मोठा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा.

आधी रेसिपी सांगा, बाकीचं नंतर वाचू

चार जणांसाठी ५०० ग्रॅम कीमा, १ डेसिलिटर ब्रेडचा कोरडा चुरा, दीड डेसिलिटर दूध (अर्धं दूध अर्धं क्रीम घेतलंत तर अजून छान), १ अंडं, १ मध्यम कांदा, १ छोटा चमचा मीठ, पाव छोटा चमचा पांढरी मिरी पूड आणि तेवढीच ऑलस्पाईस पूड. चुरा दुधात भिजवून १० मिनिटं ठेवायचा, कांदा अगदी बारीक चिरून बटरमध्ये मऊ करून गार करायचा, मग सगळं कीम्यात घालून हाताने नीट एकजीव करायचं आणि अर्धा तास फ्रिजमध्ये. हात गार पाण्यात बुडवून छोटे गोळे वळायचे, बटर आणि थोड्या तेलात मध्यम आचेवर सगळीकडून तपकिरी होईपर्यंत तळायचे. त्याच पॅनमध्ये ग्रेव्ही. सोबत उकडलेले बटाटे किंवा मॅश, लिंगनबेरी (छोटी, लाल, आंबट-तुरट बेरी, साखरेत मुरवलेली) आणि व्हिनेगरमधली काकडी. झालं.

इतकंच? मसाला कुठेय? बेचव नाही का लागत?

हा एक नंबरचा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही, कारण बहुतेक जण तळलेला एक गोळा कढईतूनच उचलून तोंडात टाकतात आणि मग म्हणतात की यात काही दमच नाही. अहो तो एकट्याने खायचा पदार्थच नाही. आपल्या ताटात डाव्या बाजूला लिंबू, लोणचं, कोशिंबीर असते ना, तसं इथे लिंगनबेरीचा आंबट-तुरट-गोड चमचाभर आणि काकडीचा व्हिनेगरचा झटका हे जेवणाचे मुख्य खेळाडू आहेत. एका घासात अर्धा गोळा, बटाट्याचा तुकडा, ग्रेव्ही आणि लिंगन असं सगळं यायला हवं. मग कळतं की गोळा मुद्दामच सौम्य ठेवलाय, त्याचं काम मांस, लोणी, दूध आणि भाजल्याचा खरपूसपणा एवढंच द्यायचं आहे, तिखट-आंबट-गोड बाहेरून येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, ताटातलं बाकी काही करणार नसाल तर स्वीडिश मीटबॉल्सच्या वाटेला जाऊच नका, सरळ आपले कोफ्ते करा, ते जास्त आवडतील. करणार असाल तर पूर्ण ताट करा, आणि मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात आवरा.

पण थोडं आलं-लसूण, एखादी हिरवी मिरची, कोथिंबीर घातली तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, फक्त मग ते शामी कबाबाचे चुलत भाऊ होतात. आलं, मिरची, कोथिंबीर आणि गरम मसाला घातला की वरच्या क्रीमच्या ग्रेव्हीशी आणि लिंगनशी त्याचं जमत नाही, हा खरा प्रॉब्लेम. लसणाचं म्हणाल तर जुन्या पद्धतीच्या स्वीडिश घरांत घालत नाहीत, पण आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने (तिच्या दुकानांतल्या रेस्टॉरंटचे मीटबॉल्स प्रसिद्ध आहेत) २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनच्या वेळी घरी करायची जी रेसिपी जाहीर केली त्यात लसूण आहे, त्यामुळे एखादी पाकळी घातलीत तर कोणी पोलिसात जाणार नाही. तिखट हवंच असेल तर पांढरी मिरी थोडी वाढवा, ती इथल्या चवीत बसते.

ऑलस्पाईस म्हणजे गरम मसाला का? भारतात काय नावाने मागायचा?

नाही हो, नाव फसवं आहे. ते एकाच झाडाचं फळ आहे, मूळ कॅरिबियनकडचं, जमैकाचं प्रसिद्ध. वाळलेला दाणा मिरीपेक्षा जरा मोठा आणि वास लवंग, जायफळ, दालचिनी सगळ्यांचा मिळून एकत्र. गोव्यात मसाल्याच्या बागा बघायला गेला असाल तर गाईडने एक पान चुरडून हातात दिलं असेल आणि वास ओळखायला लावलं असेल, तेच ते झाड बऱ्याचदा. स्वीडनमध्ये क्रिदपेप्पार नावाने कुठल्याही दुकानात मिळतं.

भारतात कबाबचिनी म्हणून मागाल तर जरा बघून घ्या, कारण त्या नावाखाली कधी ऑलस्पाईस मिळतं आणि कधी कंकोळ. कंकोळाच्या दाण्याला मागे बारीक शेपटी असते आणि चव कडवट-थंड, ते यात नको. नाहीच मिळालं तर एक लवंग, चिमूटभर जायफळ आणि अगदी किंचित दालचिनी कुटून घाला. चमचाभर नाही, चिमूटभर! ऑलस्पाईस जाणवायचं असतं, ओरडायचं नसतं.

कुठला कीमा घ्यायचा?

स्वीडनमध्ये असाल आणि दोन्ही खात असाल तर इका, कूप, विलीस अशा कुठल्याही सुपरमार्केटमध्ये ब्लांडफॅर्स नावाचा ट्रे असतो, बीफ आणि पोर्क मिसळलेला. बीफने चव येते, पोर्कच्या चरबीने मऊपणा, म्हणून हे मिश्रण. आयकियाच्या घरगुती रेसिपीत प्रमाण ५०० ग्रॅम बीफला २५० ग्रॅम पोर्क असं आहे, निम्मं-निम्मं घेणारेही खूप. पोर्क खात नसाल तर नुसतं नॉतफॅर्स म्हणजे बीफ घ्या, फक्त पॅकेटवर फॅटचा आकडा बघा, कमी फॅटवाला घेतलात तर गोळे कोरडे होतात, मग दुधाच्या जागी क्रीम घाला.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकारीचा सीझन सुरू झाला की इथले लोक एल्कच्या म्हणजे इथल्या प्रचंड हरणाच्या कीम्याचेही करतात. ऑफिसमधल्या कोणाच्या घरी शिकारी माणूस असेल तर फ्रीजरभर मांस असतं आणि तुमच्याही वाट्याला एखादं पॅकेट येऊ शकतं. ते मांस खूप लीन असतं, त्यात पोर्कचा कीमा मिसळतातच.

आणि महाराष्ट्रात असलो तर?

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे मूळ मिश्रण जमणार नाही. मटणाचा कीमा घ्या, पण खाटकाला दोन गोष्टी सांगा, कीमा मशीनमधून दोनदा फिरवून दे आणि त्यात थोडी चरबी राहू दे. आपल्याकडे खाटीक कौतुकाने एकदम साफ, राणाचा कीमा देतो, ज्याची भुर्जी छान होते पण गोळे वाळूसारखे होतात. खांद्याचा भाग मिसळला तर बरं. मटणाचा वास या सौम्य पदार्थात जरा वर येतो, त्याला ऑलस्पाईस किंचित वाढवणं हा उपाय.

वसईकडे किंवा गोव्यात पोर्क सहज मिळतं, तिथे मटण आणि पोर्क निम्मं-निम्मं करून बघा, मला ते मूळच्या सगळ्यात जवळचं वाटतं. चिकनचं करायचं असेल तर ब्रेस्ट नको, लेगचं मांस घ्या, आणि दूध जरा कमी करा कारण चिकनचा कीमा ओलसर असतो आणि गोळे वळताच येत नाहीत. भारतातल्या आयकियातही चिकनचे आणि व्हेजच असतात, बीफ-पोर्क नाहीत, हैदराबादला २०१८ मध्ये पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून तसंच, मग २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईतही तेच.

ब्रेडचा चुरा दुधात भिजवायलाच हवा का? कोरडाच घातला तर?

भिजवायलाच हवा. सगळ्या रेसिपीत एकच स्टेप महत्त्वाची असेल तर ही. मांस गरम झालं की त्यातली प्रोटीन्स आखडतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, मधे दुधाने फुगलेला ब्रेडचा लगदा असला की तो ती पकड ढिली ठेवतो आणि पाणी धरून ठेवतो. कोरडा चुरा घातला तर उलटं होतं, तोच मांसातलं पाणी शोषतो आणि मधेमधे करकरीत कण लागतात. लोकांना वाटतं ब्रेड म्हणजे मांस वाचवायची कंजुषी. सुरुवातीला असेलही तशी, गरीब देश होता. पण आता ब्रेड नसलेला मीटबॉल इथे कोणाला आवडणार नाही, तो घट्ट लागतो.

चुऱ्याला दोन दिवसांचा शिळा पाव उत्तम, कडा काढायची गरज नाही. भिजल्यावर मिश्रण जाडसर पेजेएवढं दिसलं पाहिजे. चमच्यावरून धारेने पडलं तर चुरा अजून थोडा, गोळा झाला तर दूध अजून थोडं. पांको म्हणजे जाडसर जपानी ब्रेडचुरा असेल तर आधी हाताने चुरा.

कांदा कच्चा किसून घालू की परतून?

दोन्ही पंथ आहेत आणि दोन्हीकडचे लोक हट्टी आहेत. किसलेला कच्चा कांदा पाणी सोडतो, गोळा मऊ होतो पण कांद्याचा उग्रपणा राहतो. मी परतलेल्याच्या बाजूची. बटरमध्ये मंद आचेवर, चिमूट मीठ घालून, काचेसारखा होईपर्यंत, आणि तिथेच थांबायचं. आपला हात सवयीने बिर्याणीच्या कांद्यापर्यंत जातो, तेवढा तपकिरी नको. गार झाल्याशिवाय कीम्यात घालू नका, गरम कांद्याने चरबी वितळते आणि मग मिश्रण हाताला चिकटत बसतं.

मीठ बरोबर आहे का हे कच्च्या मिश्रणात कसं कळणार?

कच्चं चाखू नका, त्यात पोर्क आणि अंडं आहे. इथे सगळेच करतात ती गोष्ट म्हणजे सुपारीएवढा एक चपटा तुकडा आधी तळून खाऊन बघायचा. मग मीठ, मिरी वाढवा आणि अजून एक तळा. घरात मुलं असतील तर हे टेस्टिंग फार लवकर संपतं.

गोळे तुटतात / चपटे होतात / रबरासारखे होतात, काय करू?

तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तुटतात तेव्हा बहुतेक वेळा मिश्रण नीट मळलेलं नसतं किंवा फ्रिजमध्ये ठेवलेलं नसतं. कीमा, मीठ आणि लगदा हाताने दोन-तीन मिनिटं मळला की मिश्रण थोडं चिकट होऊन स्वतःला धरतं, अंडं मदत करतं पण खरी पकड तिथून येते. दुसरं कारण म्हणजे पॅनमध्ये टाकल्या टाकल्या उलथनं घालणं. खालून तपकिरी कवच आलं की गोळा आपोआप सुटतो, तोवर थांबा.

चपटे होणं हे पॅन न हलवल्याने होतं. इथल्या आज्या उलथनं वापरतच नाहीत, पॅनचा दांडा धरून गोल हिसके देतात आणि गोळे आपसात लोळत गोल राहतात, बघायला मजा येते. त्यासाठी पॅनमध्ये जागा हवी, एकावेळी एकच थर आणि मधे फटी, नाहीतर गोळे पाणी सोडून उकडले जातात आणि राखाडी दिसतात. अगदी पूर्ण गोल नाही झाले तरी चालतं, बाजूने एक-दोन सपाट जागा असणं ही घरच्या गोळ्याची खूण, पूर्ण गोल फक्त फॅक्टरीचे असतात.

रबर झालं तर एकतर मिक्सरमध्ये फिरवलं असेल किंवा खूप वेळ मळलं असेल. सीख कबाबाला ज्या चिवटपणाची गरज असते ती इथे नको.

साइजचं विचाराल तर २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अक्रोडाएवढा. स्टॉकहोमच्या सोदरमाल्म भागातल्या पेलिकान सारख्या जुन्या रेस्टॉरंटमध्ये याहून बरेच मोठे देतात. घरी छोटेच करा, लवकर शिजतात आणि खरपूस बाजू जास्त मिळते.

ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये चालेल?

पन्नास जणांसाठी करायचे असतील तर ओव्हनच. २२५ डिग्री, साधारण १५ मिनिटं, ट्रेला बटर लावून, मधे एकदा ट्रे हलवायचा. एअर फ्रायरमध्येही होतात. तोटा एकच, ग्रेव्हीसाठी पॅनच्या तळाला जे खरपूस चिकटतं ते मिळत नाही आणि ग्रेव्हीचा अर्धा जीव त्यातच असतो. मधला मार्ग असा की एक घाणा पॅनमध्ये तळा, बाकीचे ओव्हनमध्ये.

आतून शिजलेत हे कसं ओळखायचं?

इथे प्रत्येक घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असतो, कीम्याच्या पदार्थाला मध्यभागी ७० डिग्री हा नियम. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात मोठा गोळा कापून बघा, आत गुलाबी नको आणि येणारा रस स्वच्छ हवा. पोर्क किंवा चिकन असेल तर यात तडजोड नाही.

आता ग्रेव्ही. नीट सविस्तर सांगा, माझी नेहमी फाटते.

गोळे काढून घ्या, पॅन धुऊ नका. काळं जळलेलं असेल तर पुसा, तपकिरी असेल तर ते सोनं आहे. त्यात २ मोठे चमचे बटर आणि २ मोठे चमचे मैदा घालून मंद आचेवर परता, मैद्याचा कच्चा वास गेला आणि किंचित बदामी रंग आला की ३ डेसिलिटर स्टॉक थोडा थोडा ओतत व्हिस्कने हलवा. पहिल्या ओतण्यात घट्ट गोळा होतो, घाबरू नका, पुढच्यात सुटतो. तळाला चिकटलेलं सगळं खरवडून आत घ्या. पाच मिनिटं उकळू द्या, मग आच कमी करून २ डेसिलिटर क्रीम, १ छोटा चमचा डार्क सोया सॉस, पांढरी मिरी. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे, एवढीच घट्ट. गार झाल्यावर अजून घट्ट होते हे लक्षात ठेवून जरा आधीच बंद करा.

फाटण्याची कारणं सांगते. स्वीडनमधलं फेटायचं क्रीम ३६ ते ४० टक्के फॅटचं असतं, ते कसंही उकळा फाटत नाही. भारतातलं टेट्रापॅकवालं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते खळखळ उकळीत ओतलं किंवा त्याच वेळी काहीतरी आंबट पडलं तर दाणे दिसायला लागतात. म्हणून ते वाटीत काढून त्यात दोन चमचे गरम ग्रेव्ही घालून ढवळा आणि मग आच बारीक करून शेवटी ओता. त्यानंतर उकळी नाही. मैदा आधी नीट शिजलेला असेल तर तोही क्रीमला सांभाळून घेतो. साय वापरू का असं बऱ्याच जणी विचारतात, ताजी आणि मिक्सरमधून गुळगुळीत केलेली असेल तर चालते, दोन दिवस साठवलेली आंबूस साय नको.

मीठ शेवटी, कारण स्टॉक क्यूब आणि सोया सॉस दोन्ही खारट असतात. आणि गोळे ग्रेव्हीत बुडवून उकळत ठेवू नका, वरचं कवच गेलं की मेहनत गेली. वाढताना वरून घालायची किंवा शेजारी वाटीत द्यायची.

सोया सॉस? स्वीडिश पदार्थात?

हो, इथल्या तपकिरी ग्रेव्हीत तो अगदी नेहमीचा आहे, रंगाला आणि खमंगपणाला. फक्त चमचाभर, चायनीजची चव येता कामा नये. आयकियाच्या रेसिपीत त्याशिवाय एक छोटा चमचा डिजाँ मस्टर्डही आहे. जुन्या घरांमध्ये अजून दोन गुपितं ऐकायला मिळतात, एक म्हणजे ब्लॅककरंटच्या जेलीचा चमचा, आणि दुसरं म्हणजे आन्शोविसच्या डब्यातलं पाणी. हे आन्शोविस इटालियन अँचोवी नव्हेत, स्प्रॅट नावाची छोटी मासळी गोडसर मसालेदार पाण्यात मुरवलेली असते. त्या पाण्याचे एक-दोन चमचे ग्रेव्हीत घातले की मासळीचा वास अजिबात येत नाही पण चव एकदम खोल होते. सुकटीची किंमत माहिती असलेल्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

लिंगनबेरी नाही मिळाली तर?

स्वीडनमध्ये असाल तर नाही मिळाली हा प्रश्नच नाही, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर जंगलात जमिनीलगत लाल चादर असते आणि कोणाच्याही जंगलात जाऊन बेरी तोडायची मुभा इथल्या कायद्यानेच दिलीय, फक्त कोणाच्या अंगणात शिरायचं नाही. घरी आणून साखरेबरोबर नुसत्या ढवळायच्या, शिजवायच्याही नाहीत, साखर विरघळली की बरणीत भरायच्या. या फळात नैसर्गिकरीत्याच बेंझोइक अ‍ॅसिड असतं म्हणून न शिजवता फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतात.

भारतात आयकियाच्या फूड मार्केटमध्ये लिंगन जॅमची बाटली बघा. नसेल तर क्रॅनबेरी सगळ्यात जवळची, सुकवलेली असेल तर गरम पाण्यात भिजवून, लिंबू पिळून, हलकी ठेचून. करवंदाचं गोड लोणचं किंवा मुरंबा असेल तर बिनधास्त वापरा, आंबट-तुरटपणा बराच जुळतो. स्ट्रॉबेरी जॅम कृपया नको, त्यात नुसती गोडी आहे.

काकडीचं ते काय असतं सोबत?

प्रेसगुर्का. एक काकडी अगदी पातळ, कागदासारख्या चकत्यांमध्ये कापायची, अर्धा छोटा चमचा मीठ लावून वर ताटली आणि त्यावर वजन ठेवायचं, २० मिनिटांनी पाणी पिळून टाकायचं. मग २ मोठे चमचे साखर, व्हिनेगर, पाणी, पांढरी मिरी, बारीक चिरलेली पार्सली. व्हिनेगरचं माप देशावर अवलंबून आहे. इथलं एतिका १२ टक्के तीव्रतेचं असतं, त्याचे २ मोठे चमचे आणि १ डेसिलिटर पाणी पुरतं, भारतातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४-५ टक्क्यांचं, त्याचे ५ मोठे चमचे घ्या आणि पाणी निम्मं करा. इथल्या दुकानात २४ टक्केवालीही बाटली मिळते, ती चुकून आणली तर पाणी दुप्पट, वास घ्यायला नाक बाटलीजवळ नेऊ नका. पार्सली नसेल तर नसू दे, कोथिंबीर नको.

मॅश की उकडलेले बटाटे की पास्ता?

तिन्ही खरे. रविवारच्या जेवणाला बटाटा, मुलांच्या बुधवारच्या जेवणाला मॅकरोनी आणि केचप. इथल्या शाळेत जेवण फुकट असतं आणि मीटबॉल्स असतात त्या दिवशी मुलं रांगेत पुढे असतात. आपल्या मुलांनी घरी येऊन शाळेसारखेच कर म्हणून हट्ट धरला तर समजून जा की त्यांना तुमची क्रीम ग्रेव्ही नकोय, केचप हवाय.

मॅशला बटाटे मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका, खळ होते. हाताच्या मॅशरने, गरम दूध आणि भरपूर बटर, वर जायफळ किसून.

शाकाहारी करता येतील का? आमच्याकडे निम्मे लोक खात नाहीत.

येतात. आयकियाने २०२० मध्ये युरोपात वाटाण्याच्या प्रोटीनचे, ओट्स, बटाटा, कांदा आणि सफरचंद घातलेले प्लांट बॉल आणले आणि स्वीडनमध्ये सोयाचा फ्रोझन कीमा कुठेही मिळतो. घरी करायचं तर २५० ग्रॅम मशरूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, त्यात एक वाटी उकडलेला राजमा हाताने ठेचून, अर्धी वाटी जाडसर दळलेले ओट्स, परतलेला कांदा, किसलेलं चीज, सोया सॉसचा चमचा आणि तेच ऑलस्पाईस-मिरी. दूध इथे नको, मशरूममध्ये ओल असतेच. अंडं चालत नसेल तर एक चमचा मैदा वाढवा. तासभर फ्रिजमध्ये, मग कमी तेलात हलक्या हाताने. पनीरचे करू का असं विचारतात, ते मलई कोफ्ते होतात, वेगळा पदार्थ आहे आणि चांगला आहे. ग्रेव्हीला भाजीचा स्टॉक आणि मशरूम परतल्यावर तळाला जे राहतं ते वापरा.

हे मुळात तुर्कस्तानचे आहेत म्हणे?

२०१८ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर अकाउंटवरूनच जाहीर झालं की राजा बारावा कार्ल याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणलेल्या रेसिपीवर आपले मीटबॉल्स आधारलेले आहेत, आणि देशभर हाहाकार! राजाचा भाग खरा आहे, १७०९ मध्ये पोल्तावाला रशियाकडून हरल्यावर तो ऑटोमन साम्राज्यात आश्रयाला गेला आणि १७१४ मध्ये परतला. पण त्याने कोफ्त्याची पाककृती खिशात घालून आणली याला पुरावा कोणी दाखवलेला नाही. स्वीडिश छापील पुस्तकात मीटबॉल्स दिसतात ते १७५५ च्या सुमाराला, काय्सा वार्ग या बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात. कीमा हाताने कुटायचा म्हणजे नोकरचाकर असलेल्यांचंच काम, घरोघरी पोचले ते पुढे कीमा मशीन आल्यावर. आणि जगभर पोचले ते १९८५ पासून, आयकियाच्या रेस्टॉरंटमधून.

आधी करून ठेवता येतात का?

गोळे हो, ग्रेव्ही नाही. तळून पूर्ण गार करा, ट्रेवर सुटे सुटे फ्रीझ करा, मग पिशवीत भरा, तीन महिने छान राहतात. कच्चे फ्रीझ केले तर सुटताना पाणी सोडतात, त्यापेक्षा तळलेलेच. खाताना ओव्हनमध्ये गरम करा, मायक्रोवेव्हने कवच जातं. ग्रेव्ही फ्रीझ केली तर फाटते, ती दहा मिनिटांचं काम आहे, ताजी करा. त्यासाठी तळल्यानंतर पॅनमध्ये पाणी घालून खरवडून ते पाणी वेगळ्या डबीत फ्रीझ करून ठेवा, स्टॉकमध्ये घालायला.

दुसऱ्या दिवशी चार-पाच उरले तर?

मुद्दाम उरवा! गार मीटबॉल्स मधोमध कापून, बटर लावलेल्या ब्रेडवर, खाली बीटाच्या सॅलडचा जाड थर. सॅलडला व्हिनेगरमध्ये मुरवलेलं बीट बारीक चिरून, अर्धं आंबट सफरचंद, दोन चमचे मेयॉनीज आणि दोन चमचे घट्ट दही. इथल्या कॅफेत, ट्रेनमध्ये, फेरीबोटीवर हे सँडविच असतंच, वरून ब्रेड ठेवायची पद्धत नाही, उघडंच खायचं. बीट आधी चांगलं निथळून घ्या, नाहीतर ब्रेड गुलाबी होऊन हातातच मोडतो.